गाठ पाठीत, कळ पायात : सायनोव्हियल सिस्टबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये रिपोर्ट वेगवेगळे आहेत, पण एक शब्द बहुतेकांत आहे : सायनोव्हियल सिस्ट. कुणाच्या मणक्यात, कुणाच्या गुडघ्यामागे, कुणाच्या मनगटावर. म्हणून आधी थोडं सगळ्यांसाठी. हलणाऱ्या सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्या आतलं अस्तर वंगण तयार करतं. सांधा झिजला किंवा सुजला की वंगण वाढतं, पिशवीच्या कमकुवत जागेतून बाहेर फुगतं आणि तिथे गाठ होते. गाठीची मान बारीक असते. सांधा हलला की वंगण आत ढकललं जातं, परत मात्र सहज येत नाही. हळूहळू त्यातलं पाणी शोषलं जातं आणि उरलेलं जेलीसारखं घट्ट होतं. गाठ दिसते एका जागी, पण तिचा झरा सांध्यात असतो. खालच्या प्रत्येक उत्तरात आम्ही याच मुद्द्याकडे परत येणार आहोत.

प्रश्न : वय ६६. सहा महिन्यांपासून डाव्या मांडीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत कळ जाते. दहा मिनिटं चाललं की पाय जड होतो, ओट्यावर ओणवं झालं की बरं वाटतं. एमआरआयमध्ये ‘एल ४-५, डावा फॅसेट सायनोव्हियल सिस्ट, ९ × ७ मि.मी., ग्रेड १ लिस्थेसिस’ असं आलं आहे. ऑपरेशन सांगितलं आहे. ही कॅन्सरची गाठ नाही ना? थांबलं तर चालेल का? (सांगली)

उत्तर : कॅन्सर नाही आणि या गाठीचा पुढे कॅन्सर होतही नाही. फॅसेटला (मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्याला) चिकटून असलेली, आत पाणी आणि कडेला काळी रेघ असलेली गाठ एमआरआयवर सहसा स्पष्ट ओळखू येते. शंका असते ती दुसऱ्या गोष्टींची : चकतीचा तुटून सरकलेला तुकडा, नसेवरची गाठ, क्वचित पू. म्हणून नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. आडव्या कापातल्या टी-टू चित्रांत (एमआरआयच्या या प्रकारात पाणी पांढरं दिसतं) गाठीची मान फॅसेट सांध्याला जोडलेली दिसते का, हे तज्ज्ञांनी स्वतः पाहायला हवं. शंका उरली तर शिरेतून गॅडोलिनियम हे रंगद्रव्य देऊन पुन्हा चित्रं काढतात; सिस्टची फक्त कड उजळते, भरीव गाठ आतूनही उजळते. त्याआधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन रक्तात तपासलेलं असावं. कड कॅल्शियमने टणक झाली आहे का, हे सीटी स्कॅनवर जास्त चांगलं कळतं.

एल ४-५, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, हीच जागा का? कंबरेतली सर्वांत जास्त हालचाल इथे होते, त्यामुळे झीजही इथेच जास्त. दोन मणके पुढून चकतीने आणि मागून डाव्या-उजव्या दोन छोट्या फॅसेट सांध्यांनी जोडलेले असतात. ते सांधे झिजून सैल झाले की वरचा मणका पुढे सरकतो, त्यालाच लिस्थेसिस म्हणतात. ग्रेड १ म्हणजे खालच्या मणक्याच्या पुढे-मागे लांबीच्या पाव भागापर्यंत सरकणं. तुमच्या रिपोर्टमधल्या या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, एकाच सैल सांध्याच्या आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचं. गाठ आणि दुखणं यांचा मेळ बसतो का? एल ४-५ च्या डाव्या बाजूची गाठ बहुधा डावी एल-५ नस दाबते. त्या नसेची कळ मांडीच्या व पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जाते आणि अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. तुमचं वर्णन तंतोतंत जुळतं. हेच दुखणं उजव्या पायात असतं, किंवा तळव्याच्या बाहेरच्या कडेला असतं, तर ती गाठ निव्वळ योगायोगाने सापडली असं समजून कारण दुसरीकडे शोधावं लागलं असतं. साठीनंतर एमआरआयमध्ये काही ना काही सापडतंच. सापडलं म्हणून कापायचं नसतं.

घरी एक तपासणी करा. भिंतीला हात टेकून टाचांवर दहा पावलं चाला, मग एकेका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उंच व्हा. टाचेवर डावं पाऊल खाली पडत असेल किंवा चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही असं होत असेल, तर नस अशक्त होऊ लागली आहे. अशा वेळी महिनोन्‌महिने थांबू नये. लघवी अडली, बैठकीचा भाग बधिर झाला, शौचावरचा ताबा गेला किंवा दोन्ही पाय एकदम गळाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात पोहोचायचं.

चालताना पाय भरून येणं पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यानेही होतं. फरक साधा आहे. रक्तपुरवठ्याचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. मणक्याचं दुखणं बसल्यावर किंवा वाकल्यावर थांबतं. तरी मधुमेह किंवा तंबाखू असेल तर पावलाच्या नाडीची तपासणी करून घ्यावी.

ताकद शाबूत असेल तर सहा ते बारा आठवडे बिनशस्त्रक्रियेचे उपचार करून पाहायला हरकत नाही. काही गाठी आपोआप आकसतातही. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, ही तुमच्या वयाला सुरुवात करायला सुरक्षित गोळी आहे, यकृत ठीक असेल तर. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक गटाच्या गोळ्या आठ-दहा दिवसांच्या वर ओढू नका. रक्तदाब आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. नसेच्या कळेसाठी प्रीगॅबालिन दिली तर रात्री लहान मात्रेने सुरुवात करावी, कारण तिने चक्कर येते आणि अंधारात बाथरूमला जाताना माणूस पडतो. ती अचानक बंदही करू नये.

व्यायामात एक चूक फार होते. कंबरदुखी म्हटली की भुजंगासन सांगितलं जातं. चकती सरकलेल्या काही रुग्णांना त्याने बरं वाटतं, पण मागे वाकल्यावर नसेची वाट आणखी अरुंद होते, त्यामुळे तुमच्यासारख्यांचं दुखणं वाढतं. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, पोटाचे स्नायू घट्ट करणं आणि स्थिर सायकल, यांवर भर द्या. मणका कडकन मोडून बसवणाऱ्याकडे जाऊ नका. सांधा आधीच सैल आहे.

आणखी एक तपासणी राहिली आहे, आणि ती न करता ऑपरेशनचं ठरवू नये : उभं राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेले कंबरेचे एक्स-रे. एमआरआय आपण आडवे पडून काढतो. सरकलेला मणका त्या वेळी जागेवर गेलेला असू शकतो. वाकल्यावर तो तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर उपचाराची दिशाच बदलते.

प्रश्न : वय ७१. मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला. एल ४-५ ला सिस्ट आहे. ‘इंजेक्शनने गाठ फोडू’ असं सांगितलं आहे. नक्की काय करतात? गाठ पुन्हा भरणार नाही का? (नाशिक)

उत्तर : पालथं झोपवून, त्वचा बधिर करून, एक्स-रे किंवा सीटीच्या चित्रात पाहत बारीक लांब सुई (बहुधा २२ गेज) थेट फॅसेट सांध्यात नेतात. गाठीत नाही, सांध्यात; कारण गाठ तिथूनच भरते. सांध्यात एक-दोन मिलिलिटरच मावतं. आधी थोडं रंगद्रव्य सोडून ते गाठीत उतरतं का पाहतात. मग बधिर करणारं औषध व स्टेरॉइड देतात, आणि नंतर सलाइन दाबाने ढकलतात. गाठ फुटली की सिरिंजचा अडथळा एकदम नाहीसा होतो आणि रंगद्रव्य नसेभोवती पसरलेलं दिसतं. त्या काही सेकंदांत तुमची नेहमीचीच कळ पायात जोरात उठते. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही, आणि त्या क्षणी हलत नाही.

गुण किती? साधारण निम्म्या रुग्णांचं ऑपरेशन टळतं. बाकीच्यांना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुखणं परततं. टी-टू चित्रात पांढरीशुभ्र दिसणारी, पातळ वंगणाची गाठ फुटण्याची शक्यता जास्त. आतलं घट्ट झालं असेल, कड कॅल्शियमने टणक झाली असेल, किंवा मणका हलत असेल, तर ती फुटत नाही किंवा पुन्हा भरते. म्हणून गाठ भरेल का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या चित्रांत आहे. ते आधी विचारा.

स्टेंटमुळे तुम्ही क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असाल. मणक्याच्या पोकळीत रक्त साचलं तर नस दबून पाय जाऊ शकतो, म्हणून क्लोपिडोग्रेल सहसा पाच ते सात दिवस आधी थांबवतात. पण ती गोळी स्वतःहून कधीही बंद करायची नाही. थांबवायची की नाही, किती दिवस आणि परत कधी सुरू करायची, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या.

मधुमेहासाठी : स्टेरॉइडनंतर साखर तीन ते सात दिवस चढते. उपाशीपोटी आणि रात्री जेवणानंतर, अशी दोनदा तपासा आणि वाढली तर गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवा. इंजेक्शनच्या वेळी साखर फार चढलेली असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी, जंतुसंसर्गाचा धोका असतो. त्या दिवशी पाय काही तास बधिर राहू शकतो, म्हणून घरचं कुणीतरी सोबत न्या आणि गाडी चालवू नका. पहिल्या काही तासांतला आराम बधिर करणाऱ्या औषधाचा असतो. दुसऱ्या दिवशी दुखणं परतलं म्हणून निराश होऊ नका, स्टेरॉइडला तीन ते सात दिवस लागतात. चार-सहा आठवड्यांनी हिशोब मांडायचा. थोडा तरी टिकाऊ गुण आला असेल तर दुसरं इंजेक्शन ठीक. काहीच आला नसेल तर तेच पुन्हा पुन्हा टोचून घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : एक सर्जन म्हणतात फक्त गाठ काढू, दुसरे म्हणतात स्क्रू घालून मणके जोडायलाच हवेत. कुणाचं खरं? (ठाणे)

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात. फरक मणका हलतो की नाही यात आहे, म्हणून पुन्हा तेच उभ्याने काढलेले एक्स-रे. मणका स्थिर असेल आणि दुखणं मुख्यतः पायात असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून मणक्याच्या मागच्या हाडाच्या कमानीचा थोडा भाग व फॅसेटची आतली कड कापून गाठ काढतात. निम्म्यापेक्षा जास्त फॅसेट वाचवायचा, नाहीतर ऑपरेशननेच मणका सैल होतो. मणका हलत असेल, घसरण मोठी असेल, किंवा पायापेक्षा कंबर जास्त दुखत असेल, तर जोडणीचा विचार योग्य. जोडल्यावर त्या सांध्याची हालचाल संपते, त्यामुळे तिथे गाठ पुन्हा होण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. पण ऑपरेशन मोठं, रक्त जास्त जातं, आणि वरच्या-खालच्या मणक्यांवर ताण वाढतो. सिस्ट आहे म्हणून सरसकट स्क्रू, हे आम्हाला पटत नाही. दुसऱ्या सर्जनना एवढंच विचारा : ‘माझा मणका हलतो, हे कोणत्या चित्रात दिसतं?’

या ऑपरेशनमधली खरी अवघड जागा म्हणजे गाठ नसांच्या आवरणाला चिकटलेली असते. ओढून काढायला गेलं की आवरण फाटतं आणि मणक्यातलं पाणी गळतं. अनुभवी सर्जन अशा वेळी चिकटलेला पापुद्रा तिथेच ठेवतात. ‘थोडा भाग ठेवला’ असं डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं दिसलं तर तो हलगर्जीपणा समजू नका. घरी आल्यावर मात्र टाक्यांतून पाण्यासारखा स्राव येत असेल, किंवा उठून बसलं की डोकं प्रचंड दुखतं आणि झोपलं की थांबतं, तर लगेच कळवा.

बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. सहा आठवडे जमिनीवर मांडी घालून बसू नका आणि पाच किलोपेक्षा जास्त उचलू नका. भरलेली पाण्याची बादली त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. जोडणी होणार असेल तर तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. निकोटीनने हाड जुळत नाही आणि स्क्रू ढिले होतात. मिश्रीही तंबाखूच आहे, हे बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : वय ५८. गुडघ्यामागे लिंबाएवढी मऊ गाठ होती. आषाढी वारीत दिवे घाट चढून आल्यावर ती एकाएकी गेली आणि पोटरी सुजून ठणकू लागली. एकाने रक्ताची गुठळी म्हटलं, दुसऱ्याने मालिश सुचवली. (सासवड)

उत्तर : मालिश अजिबात नको. तुमच्या वर्णनावरून बेकर सिस्ट (गुडघ्यामागची सायनोव्हियल सिस्ट) फुटली असावी, पण पोटरीच्या शिरेतली गुठळी बाहेरून अगदी अशीच दिसते, आणि तिला चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आधी शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करा, तीही आजच. दम लागला किंवा छातीत दुखलं तर डॉपलरसाठी थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. याच्या उलट चूकही घातक : डॉपलर न करता गुठळी समजून रक्त पातळ करणारं औषध दिलं, तर फुटलेल्या गाठीच्या जागी रक्तस्राव वाढून पोटरीत दाब चढतो. काही दिवसांनी घोट्याखाली चंद्रकोरीसारखा निळसर डाग दिसला तर तो सिस्ट फुटल्याकडे बोट दाखवतो.

ही गाठ गुडघ्याच्या मागे आतल्या बाजूला, दोन स्नायूंच्या फटीत येते. इंग्रज सर्जन विल्यम बेकर यांनी १८७७मध्ये तिचं वर्णन केलं आणि सांध्याच्या आजाराशी तिचा संबंध दाखवला. मोठ्या माणसांत गुडघ्याची झीज, फाटलेली गादी किंवा संधिवात असल्याशिवाय ती सहसा होत नाही. पाय सरळ केला की गाठ टणक होते, थोडा वाकवला की मऊ पडते. तसं होत नसेल किंवा गाठीत ठोके लागत असतील, तर ती फुगलेली रोहिणी असू शकते. तिथे सुई घालणं धोक्याचं.

गुठळी नाही हे नक्की झालं की पाय उंच ठेवणं, बर्फ १५-२० मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा आणि पॅरासिटामॉल. दोन ते चार आठवड्यांत पोटरी ओसरते. मग गुडघ्याचा एक्स-रे, गरजेनुसार एमआरआय, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. गुडघ्यात पाणी असेल तर ते काढून सांध्यात स्टेरॉइड देतात. गाठ तेवढी कापून गुडघा तसाच ठेवला तर ती पुन्हा भरते. पुढच्या वारीचा निर्णय आत्ता नको, गुडघा तपासल्यावर घ्या. (लहान मुलांत ही गाठ आली तर सांधा सहसा निरोगी असतो आणि ती बहुधा आपोआप जाते. सोनोग्राफीने खात्री करून वाट पाहावी.)

प्रश्न : वय २४. मनगटाच्या वर वाटाण्याएवढी गाठ आहे, दुखत नाही. आजी म्हणते जोरात दाबून फोड. सुईने पाणी काढू का? (पणजी)

उत्तर : दाबून फोडू नका. हाड दुखावतं आणि गाठ बहुधा परत येते. हिला गँग्लियन म्हणतात. हिच्या आत खरं अस्तर नसतं, एवढाच सायनोव्हियल सिस्टपासूनचा फरक. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बाजूने लावून पाहा : जेलीने भरलेली गाठ लालसर उजळते. उजळत नसेल, भरभर वाढत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर सोनोग्राफी करावी.

न दुखणारी गाठ तशीच ठेवणं, हाच आमचा पहिला सल्ला. जवळजवळ निम्म्या गाठी काही वर्षांत आपोआप जातात. आतली जेली घट्ट असल्याने पाणी काढायला १६-१८ गेजची जाड सुई लागते आणि निम्म्याहून जास्त गाठी पुन्हा भरतात. तळहाताच्या बाजूला, अंगठ्याखाली नाडी लागते तिथे गाठ असेल तर आंधळेपणाने सुई घालू देऊ नका. ती नाडीच्या रोहिणीला चिकटलेली असते. दुखत असेल, पकड कमी झाली असेल तर ऑपरेशन. त्यात गाठीची मान सांध्यापर्यंत जाऊन काढायला हवी. वरची पिशवी तेवढी काढली तर पैसे आणि व्रण, दोन्ही वाया.

आपल्या देशात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मनगटाच्या घडीच्या वर आणि खाली, तळहाताच्या बाजूला दोन फुगवटे असतील आणि एक दाबल्यावर दुसरा फुगत असेल, तर त्याला जुन्या पुस्तकांत ‘कंपाउंड पामर गँग्लियन’ म्हणतात. नाव गँग्लियनचं असलं तरी ती साधी गाठ नाही. तो बहुधा स्नायुबंधांच्या आवरणाचा क्षयरोग असतो आणि आत टरबुजाच्या बियांसारखे पांढरे कण सापडतात. ते साधं गँग्लियन समजून काढून फेकून दिलं तर निदान हुकतं. काढलेला भाग पॅथॉलॉजीला, क्षयरोगाच्या कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) आणि जीनएक्स्पर्टला (क्षयजंतूंची जनुकं शोधणाऱ्या झटपट तपासणीला) असा तिन्ही ठिकाणी जायला हवा. ऑपरेशनपूर्वीच सांगून ठेवावं, कारण फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही.

प्रश्न : आईच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर नखाजवळ चकचकीत फोड आहे, नखाला पन्हळ पडली आहे. सुईने टोचलं की चिकट पाणी येतं, पुन्हा भरतं. (अकोला)

उत्तर : टोचणं आजपासून बंद करा. तो साधा फोड नाही, शेवटच्या सांध्याच्या झिजेतून आलेली गाठ आहे, आणि वरची त्वचा कागदाएवढी पातळ झालेली असते. घरच्या सुईने जंतू थेट सांध्यात जातात. नखाची पन्हळ गाठीच्या दाबामुळे पडते. दुखत असेल किंवा वारंवार फुटत असेल तर हाताच्या सर्जनकडून गाठीबरोबर सांध्यावरचं वाढलेलं हाडाचं टोकही घासून घ्या. तेच राहिलं तर गाठ परतते. दाब गेला की नवं नख सरळ येतं, पण हाताचं नख पूर्ण वाढायला पाच-सहा महिने लागतात. बोट लाल, गरम झालं आणि वाकवताना ठणकू लागलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.